टिचकीची मोटर

टॉर्चचा जाडा सेल आडवा ठेवलेला. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक मोठी सेफ्टी पिन उभी, आणि त्या पिना जागच्या हलू नयेत म्हणून सेलवरून लांबीच्या दिशेनं ताणून बसवलेला रबरी पट्टा, तोही सायकलच्या जुन्या ट्यूबचा. सेलच्या पाठीवर एक काळं चुंबक. पिनेची तार वळून जिथं गोल भोक होतं ती टोकं वर, आणि त्या दोन भोकांत आपली दोन टोकं अडकवून अधांतरी बसलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी. हा झाला तिचा सगळा संसार. झाकण नाही, पेटी नाही, रंग नाही. हिची ‘मोटर’ म्हणून ओळख करून दिली की मोठी माणसं हसतात. मुलं हसत नाहीत, ती आधी बोट लावून बघतात.

बोट लावलेलं तिला चालतं. किंबहुना त्याशिवाय तिचं चालतच नाही. सगळं जुळवून ठेवलं तरी ती आपण होऊन सहसा निघत नाही. ढिम्म बसून राहते. गुंडाळीला हलकी टिचकी मारावी लागते. मग एकदा अडखळते, दुसऱ्यांदा अडखळते, आणि अचानक अशी भिरभिरते की तारेचे वेढे वेगळे दिसेनासे होतात आणि पिनांच्या मध्ये तांबूस रंगाचा एक गोळा तेवढा उरतो.

तिचं माहेर तालुक्याच्या गावी, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. महाराष्ट्रात पंपाच्या विहिरी जिथं जिथं आहेत तिथं हे दुकान असतंच, बहुधा बसस्टँडपासून फार लांब नाही. आत शिरताच व्हार्निशचा आणि जळक्या तारेचा मिसळलेला वास येतो. ओळीनं मांडलेली पंपांची धुडं, त्यांवर खडूनं लिहिलेली गावांची नि माणसांची नावं. रब्बीत, कांद्याला नि गव्हाला पाणी हवं असतं तेव्हा, इथली रांग वाढते. व्होल्टेज पडतं, नाहीतर तीनातला एक फेज जातो. मोटर बिचारी उरलेल्या दोन फेजांवर तेवढंच ओझं ओढायला जाते, त्या तारांतून जास्त करंट वाहतो, तार तापते, तिच्यावरचा लेप करपतो आणि बापाच्या तोंडून ते वाक्य निघतं, ‘मोटर जळाली.’ खेड्यातल्या मुलाला या वाक्याचं वजन माहीत असतं. त्यानंतर घरात चार दिवस कसे जातात तेही माहीत असतं. त्यामुळे ‘आज आपण मोटर करू या’ असं म्हटलं की शहरातल्या वर्गात जो गोंधळ होतो तो इथं होत नाही. मागच्या बाकावरचा एखादा गंभीरपणे विचारतो, ‘सर, वाइंडिंग कोण भरणार?’

वाइंडिंग तोच भरणार असतो. दुकानदाराकडं नवी तार भरताना हातभर-दोन हातभर तुकडे उरतात, ते तो मुलांना सहज देतो. बावीस गेजची मीटरभर तार पुरे. जळक्या मोटरीतून उपसलेली तार मात्र घेऊ नये. ती दिसते तांब्याचीच, पण तिच्यावरचा लेप गेलेला असतो आणि हिची सगळी अब्रू त्या लेपात आहे.

हा लेप फसवा असतो. मुलांना वाटतं, तार उघडीच आहे, प्लॅस्टिक तर नाही कुठं. प्रत्यक्षात तिच्यावर इनॅमलचा पातळ, जवळजवळ पारदर्शक थर चढवलेला असतो. तो आहे म्हणूनच वेढ्याला वेढा चिकटूनही वीज मधल्या मध्ये उडी मारत नाही. तिला प्रत्येक वेढा इमानानं फिरून यावं लागतं. जेवढे वेढे तेवढा जोर. इनॅमलची तार बाजारात मिळत नव्हती त्या काळी लोकांनी काय काय केलं! अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात थॉमस डेव्हनपोर्ट नावाचा एक लोहार होता. त्याला 1837 साली विद्युत मोटरीचं पेटंट मिळालं. तारांवर गुंडाळायला रेशीम हवं, तर त्याच्या बायकोनं आपल्या लग्नातला रेशमी पोशाख फाडून त्याच्या पट्ट्या दिल्या असं सांगतात. गोष्ट खरी असेल नसेल, पण शालू फाडायची पाळी कुठल्या गोष्टीसाठी येऊ शकते हे मुलींना लगेच कळतं, आणि लेपाचं महत्त्व त्या पुन्हा विसरत नाहीत.

गुंडाळी करायला साचा लागत नाही. त्याच सेलभोवती तार दहाएक वेळा गुंडाळायची, अलगद काढून घ्यायची, दोन्ही टोकांना दोन बोटं तार सोडायची आणि त्या टोकांचेच गुंडाळीभोवती एकदोन वेढे देऊन ती बांधून टाकायची. टोकं एकमेकांच्या बरोबर समोर, एका रेषेत आली पाहिजेत. इथं हात थरथरला, एक टोक जरा वर गेलं, की ती लंगडत फिरते.

आता तिच्या स्वभावाचं मर्म. टोकांवरचा लेप खरवडायचा असतो, नाहीतर पिनेतून वीज आत जाणारच नाही. एक टोक सगळीकडून खरवडायचं. दुसरं मात्र अर्धंच. गुंडाळी टेबलाच्या कडेला उभी धरायची, पाटावर वाटी उभी धरावी तशी, टोक टेबलावर टेकवायचं आणि पॉलिश पेपरनं त्याची फक्त वरची बाजू घासायची. खालच्या बाजूला हात लावायचा नाही. तार ती केवढी, तिची अर्धी बाजू ती केवढी. पण मोटर आणि नुसती तारेची गुंडाळी यांत फरक आहे तो एवढाच.

असं का, हे तिला फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. वीज वाहू लागली की गुंडाळी स्वतःच चुंबक होते: एक तोंड उत्तर ध्रुव, दुसरं दक्षिण. खाली खरं चुंबक बसलंय. त्याच्या वरच्या तोंडाला आपलं विरुद्ध तोंड भिडवावं म्हणून ती वळते. आता वीज तशीच चालू राहिली तर काय होईल? वळून झालं की ती समाधानानं तिथंच बसेल. चारदोन हेलकावे आणि संपलं. म्हणून नेमकं त्या क्षणी तिचं लेप असलेलं अंग पिनेवर येतं आणि वीज तुटते. पण अंगातला वेग तुटत नाही. त्या वेगात ती पुढं निघून जाते, अर्धी फेरी विजेशिवाय काढते, आणि खरवडलेली बाजू पुन्हा पिनेला टेकते तेव्हा नवा झटका बसतो. म्हणजे ही बाई अर्धा वेळ विजेवर चालते आणि अर्धा वेळ आधीच्या पुण्याईवर. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठात फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे. मुलं परीक्षेत अंगठा, तर्जनी, मधलं बोट काटकोनात धरून पेपरभर हात वाकडे करत बसतात. तारेला ढकलणारं बळ कुठल्या दिशेला हे त्या नियमानं कळतं. पण ते बळ योग्य वेळी थांबवावं लागतं, हे शिकवावं हिनंच.

खरवडण्यात जितक्या चुका शक्य आहेत तितक्या सगळ्या कुठल्याही वर्गात होतात, आणि प्रत्येक चुकीला ती वेगळं उत्तर देते. खरवडलंच नाही, तर टिचकी मारली तेवढी फिरून थांबते. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली, तर हेलकावे खाऊन एका जागी चिकटते, हलवली तरी परत तिथंच येते. (कधी कधी मात्र अशीही फिरते, आणि मास्तरांची पंचाईत होते! गुंडाळी वेडीवाकडी असली की ती पिनांत उड्या मारते, उडी मारली की स्पर्श तुटतो, आणि जे काम लेपानं करायचं ते उडीनं होऊन जातं.) सगळ्यांत मजेदार चूक म्हणजे गुंडाळी उभी धरायच्या ऐवजी टेबलावर आडवी ठेवून वरची बाजू खरवडणं. दिसायला सगळं बरोबर. अर्धं खरवडलंय, अर्धं राखलंय. पण वीज नको तेव्हा चालू आणि हवी तेव्हा बंद. पहिल्या पाव फेरीत जो जोर मिळाला तो पुढच्या पाव फेरीत उलटा लागतो, आणि ती जागच्या जागी कुरकुरत राहते. अशी गुंडाळी समोर आली की मला आतून आनंद होतो. कारण इथं मुलाला ‘चुकलं’ एवढं सांगून भागत नाही. वीज कुठल्या क्षणी जोडली जातेय हे त्याला डोळ्यांनी, हळूहळू, बोटानं गुंडाळी फिरवत शोधावं लागतं.

शिक्षकाची परीक्षा याच वेळी असते. मूल काकुळतीला आलेलं असतं, शेजाऱ्याची फिरतेय, आपली फिरत नाही. आणि आपल्याला कारण दिसत असतं. हात शिवशिवतो. एका घासात काम होईल. तो हात खिशात ठेवावा. ‘कुठं टेकतंय बघ’ एवढंच म्हणावं आणि पुढं जावं. परत येईतो बहुतेक वेळा ती फिरत असते, आणि मूल आपल्याकडं बघतसुद्धा नाही.

तिची कुळी मोठी आहे. हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेडला 1820 साली दिसलं की तारेतून वीज गेली की जवळची होकायंत्राची सुई वळते. पुढच्याच वर्षी, 1821च्या सप्टेंबरात, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभं केलं, वरून एक तार अशी टांगली की तिचं खालचं टोक पाऱ्यात बुडावं, आणि वीज सोडताच ती तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालू लागली. विजेनं एखादी वस्तू सतत गोल फिरते आहे असं त्याआधी कुणी करून दाखवलं नव्हतं. फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, शाळा जेमतेम. त्यानं या यंत्राच्या खिशात मावतील अशा छोट्या आवृत्त्या करून युरोपातल्या शास्त्रज्ञांना धाडल्या. निबंध वाचून विश्वास बसला नाही तर फिरवून बघा, असा साधा हिशेब. म्हणजे या घराण्यातली पहिली वस्तू खेळण्यासारखीच हातोहात फिरली. पारा मात्र विषारी. आपल्या सेफ्टी पिना बऱ्या.

आपल्याकडच्या शाळांत तिला मान मिळवून देण्यात अरविंद गुप्तांचा वाटा मोठा. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेला हा माणूस पुण्यात टेल्कोत नोकरीला होता. 1978 साली रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला, आणि आगकाड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांपासून त्रिकोण, चौकोन, घरं करत बसला. पुढं अनेक वर्षं पुण्यातच, ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘पुलस्त्य’ इमारतीत, त्यांनी मुलांना खेळणी करायला शिकवलं. ही मोटर काही त्यांनी शोधलेली नव्हे. असे साधे नमुने जगात आधीपासून होते. पण कुठलाही शिक्षक कुठल्याही गावात आठवडी बाजाराच्या दिवशी सगळं सामान गोळा करू शकेल, अशा रूपात ती गावोगाव पोचली ती त्यांच्यासारख्यांमुळे. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेळण्यांना मिळालेला तो पद्म पुरस्कार, असं मला उगाच वाटतं.

नातेवाईक घरोघर आहेत, पण नाती नीट तपासून घ्यावीत. मिक्सर तिच्या जवळचा. त्याच्या पोटात फिरत्या भागाला घासणारे कार्बनचे ब्रश असतात, कोणत्या वेढ्याला कधी वीज द्यायची हे त्यांच्या स्पर्शावर ठरतं. जुना मिक्सर चालताना आत ठिणग्या दिसतात त्या याच भांडणाच्या. चावीची नव्हे, सेलवर पळणारी खेळण्यातली गाडीही सख्ख्या नात्यातली. विहिरीवरची मोटर मात्र दूरची आहे. तिला ब्रश नाहीत, तिच्या फिरत्या भागाला बाहेरून तार जोडलेलीच नाही; तीन फेजांमुळे बाहेरचं चुंबकत्वच गोल फिरतं आणि आतला भाग त्यामागं ओढला जातो. ‘सर, आमच्या मोटरीत चुंबक कुठं असतं?’ असं हमखास कुणी विचारतं, तेव्हा ‘असतं, पण विजेचं’ हे सांगताना घाई करू नये, दुपार त्यावर घालवावी. आणि हल्ली जे वीज वाचवणारे बीएलडीसी पंखे आले आहेत, ई-स्कूटरी आल्या आहेत, त्यांत ब्रश नसतात तरी प्रश्न तोच असतो: वीज कधी द्यायची, कधी तोडायची, कधी उलटवायची. तिथं ते काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. आपल्या मोटरीनं तेच काम अर्ध्या खरवडलेल्या तारेवर सोपवलंय.

दोष सांगायला हवेत. ती उधळी आहे. मीटरभर बावीस गेजच्या तारेचा रोध एका ओहमच्या विसाव्या भागाहूनही कमी. म्हणजे खरवडलेली बाजू खाली येऊन ती अडकली, की सेलच्या दृष्टीनं तो शॉर्टसर्किटच. सेल तापतो, तारही चटका देते, आणि नवा कोरा सेल बघता बघता मरगळतो. फिरत असताना निदान अर्धा वेळ तरी वीज बंद असते. बसून राहिली की जास्त खाते. म्हणून खेळून झालं की गुंडाळी उचलून ठेवायची. आणि साधा दीड व्होल्टचा सेलच वापरायचा, मोबाइलच्या बॅटरीला तिच्या वाटेला जाऊ द्यायचं नाही. ती बॅटरी अशा शॉर्टनं पेट घेऊ शकते.

बाजारात तिची तयार किटं मिळतात. रंगीत खोकं, प्लॅस्टिकचं बूड, कारखान्यात बेतून खरवडलेली गुंडाळी. पहिल्या फटक्यात फिरते. मूल दोन मिनिटं बघतं, टाळ्या वाजवतं आणि खोकं माळ्यावर जातं. मला ती किटं आवडत नाहीत, आणि त्याचं कारण पैसे हे नाही. ज्या एका जागी विचार करावा लागतो तेवढी जागा त्यांनी आधीच घासून दिलेली असते.

दिशेच्या बाबतीत तिला स्वतःचं मत नाही, पण हट्ट आहे. नेमून दिलेल्या दिशेनंच जाईल. उलट टिचकी मारलीत तर थोडं जाऊन थांबते आणि वळून आपल्या वाटेला लागते. हे एकदा पोरांच्या ध्यानात आलं की मग वर्ग हातात राहत नाही. चुंबक उलटं केलं तर? उलटी फिरते. सेल उलटा केला तर? उलटी. दोन्ही उलटं केलं तर? इथं जरा शांतता, मग कुणीतरी म्हणतं, ‘सुलटी’, आणि तसंच होतं. मग सेल नि चुंबक जागच्या जागी ठेवून फक्त गुंडाळी उचलायची, डावं टोक उजव्या पिनेत, उजवं डाव्या पिनेत. आता? आता सगळा वर्ग एका सुरात ‘उलटी!’ म्हणतो, कारण आतापर्यंत काही उलटवलं की ती उलटलीच आहे. टिचकी मारतात. ती पहिल्याच दिशेनं फिरते.

पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. परत काढतात, परत घालतात. सेल तापलाय म्हणून असेल, असं एकजण सुचवतो. शेवटी एक मुलगी गुंडाळी हातात धरून तिच्या एका तोंडाला बॉलपेननं ठिपका देते, आधी पुढं असलेला ठिपका आता मागं गेलाय हे सगळ्यांना दाखवते, आणि म्हणते, ‘वीज दुसऱ्या टोकातून शिरली हे खरं, पण तोंड पण फिरलं ना. दोनदा उलटलं.’ तेवढ्यात मागून प्रश्न येतो, ‘मग घासताना वरची सोडून खालची बाजू घासली असती तर?’ त्याचं उत्तर या गुंडाळीवर मिळत नाही, तिची वरची बाजू केव्हाच घासून झालेली असते. त्यासाठी नवी तार लागते, आणि वाइंडिंगवाल्याचं दुकान सातपर्यंत उघडं असतं.